तुमचे प्रश्न : न्यूट्रोफिलचे डबे आणि हिरवा शेंबूड

प्रश्न : सर, मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करतेय, सांगलीत. स्लाइड बघताना मॅडम म्हणाल्या की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीमध्ये मायलोपेरॉक्सिडेज (एमपीओ) नावाचं प्रोटीन ठासून भरलेलं असतं, आणि पुढच्याच लेक्चरला म्हणाल्या की रक्तातली न्यूट्रोफिल ते बनवतच नाही, ते बनवायला लागणारा आरएनए तिच्यात जवळजवळ नसतोच. मग आलं कुठून? विचारलं तर म्हणाल्या, पाठ कर.

उत्तर : पाठ नको करूस गं, प्रश्न भारी आहे, आणि मॅडमची दोन्ही वाक्यं खरी आहेत. ते प्रोटीन काही दिवस आधीच, बोनमॅरोमध्ये, पेशी प्रोमायलोसाइट, म्हणजे अजून कच्ची, असताना बनलेलं असतं. तेव्हा मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज ही प्रोटीन मंडळी जोरात तयार होतात आणि अझुरोफिल ग्रॅन्यूल्समध्ये, म्हणजे पेशीतल्या इवल्या डब्यांमध्ये, भरली जातात. पेशी पुढच्या टप्प्यावर, मायलोसाइट झाली की ती जीन्स बंद, आता लॅक्टोफेरिन हे दुसरं प्रोटीन सुरू, ते जातं नव्या स्पेसिफिक ग्रॅन्यूल्समध्ये, आणि अजून पुढे, बँड या जवळजवळ तयार पेशीच्या टप्प्याच्या आसपास, जिलेटिनेज. रक्तात येते ती भरलेले डबे घेऊनच.

आता गंमत अशी की कुठलं प्रोटीन कुठल्या डब्यात हे ठरतं कसं? दिवाळीत चकली तळली त्या दिवशी जो डबा मोकळा होता त्यात चकली, दुसऱ्या दिवशी दुसरा डबा, त्यात चिवडा, चिठ्ठी लावायची भानगडच नाही. पेशीतही तसंच, जे प्रोटीन ज्या वेळी बनतं ते त्या वेळच्या डब्यात. कोपनहेगनच्या नील्स बोरेगार्ड यांच्या गटाने १९९६ मध्ये हे दाखवलं. एचएल-६० ही ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटपासून मिळालेली सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी, ती प्रोमायलोसाइटवरच अडकलेली, स्पेसिफिक ग्रॅन्यूल्स तिच्यात बनतच नाहीत. तिला एनजीएएल हे एरवी स्पेसिफिक ग्रॅन्यूलमध्ये असणारं प्रोटीन बनवायला लावलं, तर ते सरळ अझुरोफिलमध्ये जाऊन बसलं! अर्थात सगळंच वेळेवर ठरतं असं नाही, काही प्रोटीन्सना आत टिकवून धरायला सर्ग्लायसिनसारखा सोबती रेणू लागतो, पण मुख्य गोष्ट वेळेचीच.

आणि म्हणूनच ल्युकेमियाच्या स्लाइडवर आपण एमपीओचा स्टेन करतो. ब्लास्टमध्ये, म्हणजे अगदी कच्च्या पेशीत, रंग आला म्हणजे त्या पेशीने मायलॉइड (न्यूट्रोफिल वगैरेंची) वाट धरलेली आहे, लिम्फॉइड (लिम्फोसाइटच्या वाटेवरचे) ब्लास्ट सहसा हे बनवत नाहीत. रंग नाही आला तर मात्र घाईने लिम्फॉइड म्हणू नकोस, अगदी कोवळ्या मायलॉइड ब्लास्टमध्येही तो नसू शकतो.

प्रश्न : मुलाचा शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक द्यावंच लागतं ना?

उत्तर : नाही हो. योगायोग बघा, वरच्या प्रश्नातलंच प्रोटीन! मायलोपेरॉक्सिडेजमध्ये हीम हा लोह असलेला रंगीत भाग असतो आणि ते चक्क हिरवं दिसतं, १९४१ मध्ये स्वीडनच्या अग्नर यांनी ते वेगळं काढलं तेव्हा रंगावरूनच नाव दिलं होतं, व्हर्डोपेरॉक्सिडेज. हिरवा रंग म्हणजे तिथे न्यूट्रोफिल जमल्यात एवढंच, साध्या व्हायरल सर्दीतही त्या जमतात. दहा दिवसांत बरं वाटेना, ताप चढतोय, श्वासाला त्रास होतोय असं काही असेल तर डॉक्टरांकडे न्या, मागच्या वेळची उरलेली बाटली स्वतःहून देऊ नका.