परमिट रूममध्ये लागतोयस? आधी हे बघ

भाऊ, टीप किती मिळते ते नंतर विचार. पगार खात्यात येतो का, पीएफ कापतात का, हे आधी. मी भुसावळला वेटर होतो. मार्च २०२० मध्ये शटर पडलं, ते ५ ऑक्टोबरनंतर उघडलं, तेही निम्म्या टेबलांवर. मालकाने एकदा अर्धा पगार दिला, मग फोन उचलणंच बंद. हजेरीच्या वहीत माझं नाव पेन्सिलीने! पीएफवाल्यांना तेव्हा शिलकीतून ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार अन् महागाई भत्ता, यातलं कमी ते काढता आलं. हॉटेलात २० माणसं कामाला असली की पीएफ लागू होतो. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, मागून घे, पासबुक मोबाइलवर स्वतः बघत जा. आणि हो, शेवभाजीचा रस्सा शिकून ठेव. पार्सल सुरू झालं तेव्हा आचाऱ्याला बोलावणं आलं, आम्हाला नाही.