प्रज्ञानंद हरला, तरी भारताने अमेरिकेला कसं हरवलं?

कारण बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सामना एका खेळाडूचा नसतो, चार पटांच्या गुणांची बेरीज होते, आणि बुडापेस्टला 2024 च्या दहाव्या फेरीत ती 2½–1½ अशी भारताच्या बाजूने लागली. पहिल्या पटावर गुकेशने पांढऱ्या मोहऱ्यांनी कारुआनाला हरवलं, दुसऱ्यावर प्रज्ञानंद वेस्ली सोकडून हरला, तिसऱ्यावर अर्जुन एरिगैसीने दोमिंगेझला नमवलं आणि चौथ्यावर नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी आरोनियनला बरोबरीत रोखलं. पाचवा खेळाडू हरिकृष्ण त्या दिवशी बाहेर होता.

प्रत्येक सामन्याचा हिशेब असा: जिंकला की संघाला 2 गुण, बरोबरीला 1. मग 4–0 ने जिंका नाहीतर 2½–1½ ने, गुण दोनच. म्हणून विदितचा तो अर्धा गुण दिसतो त्याहून मोठा. तो हरला असता तर सामना 2–2 झाला असता आणि एक गुण गेला असता. (मला तर त्या दिवसाचा खरा शांत हिरो तोच वाटतो.)

फक्त एक लक्षात ठेवा, किती फरकाने जिंकलो हे अगदीच बिनकामाचं नाही. दोन संघांचे सामना-गुण सारखे झाले की टायब्रेक (वरचा संघ ठरवायचा वेगळा निकष) लावतात आणि त्यात पटांवरचे गुण मोजले जातात. 2022 ला चेन्नईत उझबेकिस्तान आणि आर्मेनिया दोघांचेही 19 गुण होते, सुवर्ण टायब्रेकवर उझबेकिस्तानला मिळालं. 2024 ला भारताने 22 पैकी 21 सामना-गुण घेतले, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही.