आधी कोरी बाटली

प्रिय पोरी,

काल रात्री पाठवलेला आलेख पाहिला. तुझ्या चुंबकी पावडरीनं डिस्टिल्ड वॉटरमधून जवळजवळ सगळा मिथिलिन ब्लू, तो निळा रंग, ओढून घेतलेला, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीच्या पाण्यात मात्र काम निम्म्यावर. आणि खाली तुझा प्रश्न : मॅडम, खाडीचे आकडे प्रबंधातून काढून टाकू का?

काढू नकोस. पण ते आकडे खरे आहेत, असंही मी म्हणणार नाही. तू कोरी बाटली लावलेलीच नाहीस.

कोरी बाटली म्हणजे तेच खाडीचं पाणी, तोच रंग, शेकरवर तेवढाच वेळ, शेवटी तेच चुंबक. फक्त पावडर नाही. किती वेळा सांगितलं! समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, खाडीत भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त. त्यातले सोडियम-मॅग्नेशियम धनप्रभारी, तुझा रंगही धनप्रभारी. तुझ्या पावडरीच्या, म्हणजे मॅग्नेटाइटच्या, कणांवरच्या ऋण जागांसाठी त्यांची रेटारेटी होणारच. एवढं तू ओळखलंस, शाबास. पण खारट पाण्यात याच रंगाचे रेणू जोड्या करतात आणि त्या जोड्या ६६४ नॅनोमीटरऐवजी ६१० च्या आसपास प्रकाश शोषतात. तू फक्त ६६४ वर रीडिंग घेतलंस. मग रंग पावडरीवर बसला की पाण्यातच जोडीनं लपला, हे तुला कळलं कसं? कॅलिब्रेशनसुद्धा, म्हणजे माहीत असलेल्या रंगाच्या प्रमाणांशी रीडिंग जुळवणं, खाडीच्याच पाण्यात कर, आणि एकाच तरंगलांबीवर न थांबता पूर्ण स्पेक्ट्रम काढ.

आणखी एक. रीडिंगच्या आधी तू द्रावण गाळतेस. का? लोखंडाचे फेरस-फेरिक क्षार एकास दोन घेऊन, अमोनिया घालून ती काळी पावडर केलीस कशासाठी? चुंबकानं बाजूला ओढता यावी म्हणूनच ना!

मीही गाळायची. माझ्या पहिल्या पेपरमधलं प्रत्येक रीडिंग गाळलेल्या पाण्याचं आहे. पेपर छापून आल्यावर एकदा सहज, पावडरीशिवाय नुसता रंग कागदातून ओतला. खाली पाणी फिकं उतरलं, कागद निळाशार. सेल्युलोजच रंग धरून ठेवत होता. मी कोणालाच कळवलं नाही. नोकरी नवी होती, घरी आजारपण होतं... कारणं होती गं, पण पेपर आजही तसाच आहे.

म्हणून मी हट्टी आहे. तुझ्या आधीच्या एका मुलाची सही मी याच कारणासाठी चार महिने अडवली. त्याची नोकरी हुकली, त्याचे वडील घरी येऊन बोलून गेले. त्या मुलाचं मला आजही वाईट वाटतं. सही मात्र आजही अडवेन. कोरी बाटली नाही, तर सही नाही. त्याच खाडीत बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढतात. डिस्टिल्ड वॉटरमधल्या तुझ्या आकड्याचं त्यांनी काय करायचं?

सोमवारी येताना भाट्याच्या पुलाजवळून दोन कॅन भरून आण, एक भरतीचा, एक ओहोटीचा. वर तारीख-वेळ लिही. बाटल्या मी धुऊन ठेवते. पावडर कपाटातच राहू दे.

तुझ्या मॅडम