नागपुरात परसातली गावरान कोंबडी खुडूक झाली आहे. तिच्याखाली अंडी ठेवून पिल्ले काढता येतील का?

नक्की येतील, पण एप्रिल-मे टाळा. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात अंडी बसवण्याआधीच खराब होतात. दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात चांगला.

दुकानातली फार्मची अंडी चालत नाहीत, ती फळलेली (फलित) नसतात, त्यांतून पिल्लू निघत नाही. कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली १०-१२ अंडी घ्या. टोपल्यात तणीस पसरा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि अंडी रात्री तिच्याखाली सरकवा. दिवसा ती बिथरते. दिवसातून एकदा ती दाणापाण्याला उठेल, उठू द्या. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू वाढतंय, नुसते स्वच्छ पिवळसर दिसले तर अंडे काढून टाका.

२१ व्या दिवशी टरफलावर टोचा दिसला की मदतीच्या नादात ते सोलू नका, पिल्लू रक्त सांडून मरते. पिल्ले आईसोबत वेगळ्या खुराड्यात ठेवा, कणी द्या, पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका, नाहीतर बुडतात. मुंगूस-मांजरासाठी बारीक जाळी हवीच. पहिल्या आठवड्यात मानमोडीची (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची) लासोटा लस चुकवू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.