डीपीआरची फी: किती मागायची, कधी मागायची?

प्रश्न: आमची छोटी अभियांत्रिकी सल्लागार संस्था आहे. एका नगरपरिषदेच्या भुयारी गटार योजनेचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) आम्ही केला. कार्यादेशात फी ‘तांत्रिक मंजुरी मिळालेल्या किमतीच्या दीड टक्का’ आहे. आमचं अंदाजपत्रक 40 कोटींचं होतं, मंजुरी 30 कोटींना मिळाली. मध्येच हद्दवाढीचा भागही तोंडी सांगून सर्वेक्षणात घ्यायला लावला. आता ‘शासनाचा निधी आला की बघू’ म्हणतात. 60 लाख मागता येतील का?

उत्तर: 60 लाखांचा आग्रह सोडा. टक्का कशावर धरायचा हे कार्यादेशातच लिहिलं आहे, म्हणून फी 45 लाख. अंदाजपत्रकाला कात्री लागण्याची जोखीम तुम्ही सही करतानाच पत्करलीत.

पण हे 45 लाख निधीसाठी अडकवून ठेवता येणार नाहीत, कार्यादेशात तशी अट नसेल तर. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटात आणि कार्यादेशाच्या आधीची आहे ना, ते आधी पाहा. असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूनं आहे. डीपीआर दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं कायदा धरतो. करारात पैसे देण्याची मुदत काहीही असो, ती स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून आवक शिक्का मारलेली पोच जिवापाड जपा. याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करा. निवाडा तुमच्या बाजूनं लागला आणि नगरपरिषदेला तो आव्हानित करायचा असेल, तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

हद्दवाढीचं प्रकरण नाजूक आहे. तो भाग मंजूर 30 कोटींत धरला असेल, तर ‘दीड टक्क्यात मोबदला आला’ असं नगरपरिषद म्हणेल, आणि ते म्हणणं टिकण्यासारखं आहे. तो वगळला गेला, पण तुमची लेव्हल्स (जमिनीच्या उंचीची मापं) आणि नाल्याच्या प्रवाहाची मापं नगरपरिषद वापरत असेल, तर करार कायद्याच्या कलम 70 खाली वाजवी मोबदला मागता येतो. फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्यानं भरपाई द्यावी, असं ते कलम सांगतं. मात्र कराराच्या आत बसणाऱ्या कामाला ते लागू होत नाही. फील्ड बुक, प्रयोगशाळेचे अहवाल, मुख्याधिकाऱ्यांना केलेले ईमेल एकत्र काढा.

पुढच्या कामात टक्केवारी स्वीकारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पंपिंग स्टेशन टाळून सांडपाणी उतारानं नेण्याचा मार्ग तुम्ही शोधलात, तर जनतेचे पैसे वाचतात आणि तुमचीच फी घटते. सर्वेक्षणाचे कष्ट मात्र तेवढेच, किंबहुना जास्त. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या सल्लासेवा खरेदीच्या नियमपुस्तिकेतही टक्केवारीच्या कराराबद्दल हीच तक्रार आहे, की त्यात काटकसरीला प्रोत्साहन नाही. सर्वेक्षण, पर्यायांची तुलना, मसुदा, अंतिम डीपीआर अशा टप्प्यांवर ठोक रक्कम ठरवा. वाढीव क्षेत्राचा हेक्टरी दर आणि मंजुरी लांबली तरी कोणत्या तारखेला पैसे मिळतील, हेही लिहून घ्या.

मुदतीकडे दुर्लक्ष नको. कामाच्या पैशांसाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे 3 वर्षं. तुम्ही कितीही स्मरणपत्रं पाठवलीत तरी ती वाढत नाही. नगरपरिषदेनं मुदतीच्या आत देणं लेखी कबूल केलं, तर नव्यानं मोजली जाते. त्यामुळे ‘निधी आला की बघू’ हे तोंडी उत्तर घेऊन परतू नका. थकबाकीचा आकडा लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र याच महिन्यात मागा.