लातूरला विमान का थांबत नाही?

प्रश्न: ताई नमस्कार, मी औसा तालुक्यातला. आमच्या लातूरला एअरपोर्ट आहे, रनवे आहे, पण मुंबईला जायचं तर रात्रभर ट्रेन नाहीतर ट्रॅव्हल्स. मागच्या वर्षी वडलांना हैदराबादला न्यायचं होतं, अँब्युलन्समधी हाडं खिळखिळी झाली त्यांची. नुसता रनवे बांधून काय उपयोग?

उत्तर: दादा, वडलांचं वाचून वाईट वाटलं, आता बरे असतील अशी आशा करते.

रनवे असला की विमान येतं असं नसतं हो. साधं गणित बघा, छोट्या गावाला येतं ते एटीआर, साधारण सत्तर सीटचं, आता त्यात पंचवीस माणसं बसली काय अन सत्तर बसली काय, तेल तेवढंच जळतं, पायलटचा पगार तोच, आणि खाली दिवसातून एकच फ्लाईट आली तरी फायरची गाडी, सिक्युरिटी, सगळं तयार ठेवावंच लागतं. म्हणून कंपन्या येत नाहीत. हा तोटा भरून काढायला केंद्राने उडान योजना आणली, त्यात सुरुवातीला अर्ध्या सीटांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला 2500 रुपयांच्या आसपास बांधलेलं आणि फरकाचे पैसे सरकार देणार, 80 टक्के केंद्र, 20 टक्के राज्य. 27 एप्रिल 2017 ला पहिल्या फ्लाईट सुटल्या त्यात आपली नांदेड-हैदराबाद होती, मला तेव्हा लई आनंद झाला होता! पण ही मदत तीनच वर्षं, पुढं कंपनीने स्वतःच्या पायावर चालवायचं. नांदेडची सेवा मधी बंद पडली, 2024 ला परत सुरू झाली. आणि नांदेडला तर हुजूर साहिबला देशभरातून भाविक येतात, तरी ही गत. लातूरला क्लासेसची पोरं हजारोंनी येतात पण ती येतात एसटीने नाहीतर ट्रेनने, विमानाचं तिकीट रोज कोण काढणार?

तरी रनवे वाया गेला असं मी म्हणणार नाही. तुमच्या वडलांसारख्या पेशंटला एअर अँब्युलन्स लागते, तिला तिकीटवाली कंपनी लागत नाही, चांगला रनवे, परवानगी आणि फायरची गाडी लागते. खर्च लाखांत जातो हे खरं, पण अवयव न्यायचा असला किंवा किल्लारीच्या भूकंपासारखं संकट आलं तर हाच रनवे कामाला येतो. मात्र संकट दिवस बघून येत नाही, म्हणून माझं मत असं की रोजच्या फ्लाईटच्या आधी नाईट लँडिंग, म्हणजे रात्री विमान उतरायची सोय, मागायला पाहिजे.

तुम्ही एक करा, जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फी 10 रुपये. दोनच गोष्टी विचारा, अंधार पडल्यावर विमान उतरू शकतं का, आणि फायरची माणसं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ड्युटीवर असतात. विषय दुसऱ्या खात्याचा निघाला तर अर्ज तेच पुढं पाठवतात, तुम्हाला हेलपाटे नाहीत. 30 दिवसांत उत्तर आलं की मला कळवा, इथंच छापू.