कारण विचारू नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळाल्याबरोबर उत्तर लिहायला बसले. दिव्यांग मुलांना थोडा वेळ सांभाळून त्यांच्या आईवडिलांना विसावा देणाऱ्या तुमच्या केंद्रात शनिवारच्या मुक्कामाला एकच जागा उरली आहे आणि अर्ज दोन आलेत. एका आईचं ऑपरेशन आहे. दुसरीने कारणाच्या रकान्यात ‘झोपायचं आहे’ एवढंच लिहिलंय. हे काय कारण झालं, असं सहकारी म्हणतात आणि तुलाही ते पटू लागलंय.

ऑपरेशन असलेल्या घराची सोय व्हायलाच हवी, पण ती तातडीच्या जागेतून. तशी जागा राखलेली नसेल तर या वेळी त्यांच्या घरी रात्रीसाठी सरावाचा माणूस पाठव, आणि पुढच्या वेळेपर्यंत तातडीची एक जागा वेगळी काढून घे. झोपायचं आहे म्हणणारीचा शनिवार तिचाच राहू दे. आणि अर्जातला तो कारणाचा रकाना काढून टाक.

तिच्या मुलाला रात्री आकडी येते, कूस बदलून द्यावी लागते, हे तूच लिहिलंयस. म्हणजे ती बाई वर्षानुवर्षं एक कान जागा ठेवून पडते. तिने ‘झोपायचं आहे’ असं लिहिलं, यापेक्षा खरं कारण तुला कुठल्या अर्जात सापडणार?

इंग्लंडमध्ये 2011 साली दिव्यांग मुलांची काळजी घेणाऱ्यांच्या विश्रांतीसाठी नियम लागू झाले. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जे पालक आता सांभाळूच शकणार नाहीत अशा टोकाला आले आहेत, त्यांच्यापुरता विचार करून तिथल्या स्थानिक प्रशासनाला थांबता येत नाही. विसावा मिळाला तर जे अधिक चांगलं सांभाळू शकतील, त्यांचाही विचार करावा लागतो. शिक्षण, नियमित छंद, घरातल्या इतर मुलांकडे लक्ष, रोजची घरकामं, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातलं 23 वं कलमही बघ. मूल लपवलं जाऊ नये, टाकलं जाऊ नये, त्याची आबाळ होऊ नये, म्हणून त्याला आणि कुटुंबाला माहिती, सेवा आणि आधार लवकर द्या, असं ते सांगतं. लवकर. घर कोसळल्यावर नव्हे.

आता तू म्हणशील, जागा कमी आहेत, मग ज्याला जास्त गरज त्याला आधी द्यायला नको का? आमच्या समितीत प्रत्येक बैठकीत हाच प्रश्न यायचा आणि मी प्रत्येक वेळी अडून बसायचे. हट्टी म्हणाले, अव्यवहारी म्हणाले. मी आजही तेच म्हणेन. मोडलेल्यांनाच मदत मिळते हे एकदा कळलं की लोकांना मोडलेलं दिसावं लागतं. चार तास मिळावेत म्हणून आया आपल्याच लेकराबद्दल नको नको ते बोलताना मी ऐकल्या आहेत. हा मारतो, हा घाण करतो, याच्यामुळे आमचं आयुष्य संपलं. आणि ते मूल शेजारीच बसलेलं असायचं. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही, असं थोडंच असतं? कारण विचारलं की हेच ऐकायला मिळणार. म्हणून विचारू नकोस.

एक कुटुंब मला अजून विसरता येत नाही. आमच्यापेक्षा इतरांना जास्त गरज आहे, म्हणत ते कधी आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांना विसावा नको होता, मुलासाठी कायमची जागा हवी होती. आईवडील दोघंही जीव लावणारे होते. ते आधी आले नाहीत याची हळहळ मला आजही आहे, आणि माझा हट्ट तिथूनच पक्का झाला.

तुझा दुसरा प्रश्न वाचून मात्र मी चिडले. विसाव्याच्या वेळेत आई काय करते याची नोंद ठेवावी का? अगं, कशाला? ती झोपेल, कपाट आवरेल, नाहीतर धाकट्याला घेऊन नुसती हिंडेल. तो धाकटा इतकी वर्षं ‘थांब जरा’ एवढंच ऐकत आलाय. वेळ तिला दिलास ना, मग त्याचा हिशेब तू मागायचा नाहीस.

मूल तुमच्याकडे असताना एखादी आई सारखी फोन करते म्हणून तिला विसावा नकोच असेल, हा तुझा निष्कर्षही घाईचा आहे. तिचा अजून तुमच्यावर भरवसा बसलेला नाही, आणि तो तुम्हीच कमवायचा आहे. सांभाळणारी व्यक्ती दर वेळी तीच ठेव. त्या व्यक्तीला आधी मुलाच्या घरी पाठव, आई भरवते कसं, उचलते कसं, ते शेजारी बसून बघू दे. पहिल्यांदा दोनच तास ठेवा, रात्रीचा मुक्काम नंतर. घास किती मऊ लागतो, ठसका लागला तर काय करायचं, दुखलं की तो कसा सांगतो, दिवा चालू लागतो की बंद, हे सगळं आईच्या शब्दांत लिहून घे. कुठल्या गोष्टीसाठी फोन करायचा आणि कुठल्यासाठी नाही, हेही आधीच ठरवा. घरी सोडताना नुसतं ‘छान राहिला’ म्हणू नका. किती खाल्लं, किती झोपला, पाठीवर कुठे लाली आली का, रडला असेल तर किती वेळ, सगळं खरं सांगा. खरं ऐकलेली आई पुढच्या वेळी निवांत झोपते.

आणि मुलालाही तिथे यावंसं वाटलं पाहिजे. पाणी, संगीत, त्याच्या वयाचे सोबती, जे त्याला आवडतं ते हवं. भिंतीकडे तोंड करून दिवस काढावा लागला, तर त्याला सुट्टी म्हणता येणार नाही.

तुमच्या माहितीपत्रकात ‘नळीने अन्न घेणारी आणि आक्रमक मुलं घेतली जात नाहीत’ असं छापलंय, ते मला अजिबात आवडलेलं नाही. ज्यांना नातेवाईकही एक तास सांभाळत नाहीत, त्यांनाच तुम्ही दारातून परत पाठवणार? नळीने भरवणं शिकता येतं. आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली तर तातडीची मदत बोलवायची आणि डॉक्टरांनी त्या मुलासाठी लिहून दिलेलं औषध कसं द्यायचं, हेही शिकता येतं. परिचारिकेकडून तुमच्या सगळ्यांचं प्रशिक्षण करून घे, रात्रपाळीच्या मंडळींनाही त्यात बसव. तारीख ठरली की कळव. विश्वस्तांशी बोलायला मी येते.

तुझी,
ताई